रियाधला येताना

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या बाळंतपणासाठी तुम्ही रियाधला येताय, व्हिसा झाला, तिकिटं झाली. काल आई फोनवर म्हणाली, "डिंकाचे लाडू आधीच वळून ठेवते, ऐन वेळी धावपळ नको." फोनवर मी गप्प बसले, कारण त्या लाडवांबद्दल आणि अजून बऱ्याच गोष्टींबद्दल शांतपणे लिहायचं होतं. बाबा, तुम्ही हे एकदा नीट वाचा आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवा.

गोवळकोटच्या चाचांनी तुम्हाला बरंच काही सांगितलंय, ते कळलं. त्यांनी इथेच सौदीत, जुबैलमध्ये उमेदीची वर्षं काढली. ते सांगतात ते खरंच आहे, पण त्यांच्या काळातलं. तेव्हा रस्त्यावर मुतव्वा, म्हणजे धर्मपोलीस, फिरायचे, नमाजाच्या वेळी दुकानांची शटर खाली यायचीच, बाईला गाडी चालवायला बंदी होती. २०१६ मध्ये मुतव्वांचा अटक करण्याचा अधिकार गेला. २०१८ पासून बायका गाडी चालवतात, माझ्या विभागातल्या अर्ध्याअधिक जणी स्वतःच गाडीने कामावर येतात. २०१९ मध्ये हॉटेलांत पुरुषांचा आणि कुटुंबांचा दरवाजा वेगळा ठेवायची सक्ती उठली. २०२१ पासून नमाजाच्या वेळीही दुकान उघडं ठेवायला परवानगी आहे, तरी कित्येकजण मनापासून बंद ठेवतात. तेव्हा आई, चाचांच्या जुन्या गोष्टी ऐकून रात्रीची झोप घालवू नकोस. जे अजिबात बदललेलं नाही ते तुमच्या बॅगेत, गोळ्यांच्या डब्यात आणि बाबांच्या फोनमध्ये आहे. मला काळजी आहे ती त्याचीच.

आधी लाडू. आई, खसखस इथे अमली पदार्थांत धरली जाते. थोडी असो, भाजलेली असो, लाडवात मिसळलेली असो, आणायची नाही. अनारसे नकोत. मसाला घरचा असेल तर त्यात खसखस पडलीच असणार, म्हणून तोही नको. जायफळावरही बंदी आहे, म्हणजे मालवणी मसाला आणि जायफळ घातलेलं काहीही नको. डिंक, खारीक, अळीव, सुकं खोबरं वेगवेगळ्या छापील पाकिटांत आण, लाडू आपण इथे वळू. कुळथाचं पीठ आणि नाचणीचं सत्त्वही घरच्या डब्यात भरू नकोस, दुकानाचं नाव असलेलं बंद पाकीट घे. तपासणाऱ्या माणसाला नाव नसलेली पांढरी-करडी पूड दिसली तर तो विचारणारच, आणि तुला तिथे उभं राहून कुळीथ म्हणजे काय ते समजवावं लागेल. डाळी, तांदूळ, कढीपत्ता, नारळ इथे बथ्थाच्या बाजारात सगळं मिळतं. बॅगेत त्यासाठी जागा घालवू नका. कोकमं मात्र भरपूर आण.

दशमूलारिष्टाची बाटली तू माझ्यासाठी घेऊन ठेवली असशील, मला ठाऊक आहे. प्रत्येक बाळंतपणात आपल्या घरी तेच दिलं जातं. पण बाटलीवरचा मजकूर वाच. आसवं आणि अरिष्टं आंबवून करतात, त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतं, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत. या देशात दारू आणायला बंदी आहे आणि सामान तपासणाऱ्याला आयुर्वेद सांगून उपयोग नाही. बाळगुटीही राहू दे. तिच्यात जायफळ असतंच, आणि इथले डॉक्टर बाळाला सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात. मला ते पटलंय. तू आल्यावर यावर माझ्याशी भांड हवं तर, पण मुळ्या घेऊन विमानात बसू नकोस.

बाबा, तुमच्या गोळ्या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची अडचण नाही. झोपेची गोळी आणि गुडघा फार दुखला की घेता ती कॅप्सूल, या दोन्हींची नावं मला कळवा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रामाडोल, कोडीन यांतलं काही असेल तर ते इथे नियंत्रित औषध आहे. इथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, तो अर्ज मी इथून भरते. त्यासाठी डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी हवी: तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, आजार, औषधाचं मूळ नाव, रोजची मात्रा. गोळ्या पट्टीतून काढून त्या प्लॅस्टिकच्या सोमवार-मंगळवारच्या डबीत भरू नका. मूळ पट्ट्या, सोबत बिल, आणि सगळं हातातल्या पिशवीत. तंबाखूची पुडी मुंबईलाच टाकून या. इथे ती मिळणार नाही, आणि नातवंडाला मांडीवर घेणार आहात, एवढ्या निमित्ताने सुटली तर मला त्याहून मोठा आनंद नाही.

आणि कुणाचंही पार्सल घ्यायचं नाही. तुम्ही येताय हे कळलं की चिपळूणमधून कोणीतरी येईलच, "आमच्या मुलाला एवढं द्या" म्हणून. नात्यातला असला तरी नाही म्हणा, वाईटपणा माझ्यावर ढकला. २०१९ मध्ये मुंबईचं एक नवं जोडपं कतारला फिरायला गेलं. नात्यातल्याच बाईने हातात दिलेल्या पाकिटात चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, त्या मुलीचं बाळंतपण कैदेत झालं, आणि २०२१ मध्ये ती दोघं निर्दोष सुटून घरी आली. सौदीत अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड आहे. बॅग तुम्ही स्वतः भरा, स्वतः कुलूप लावा.

आता बाबा, थोडं कठीण बोलते, रागावू नका. तुमच्या फोनवर सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर धर्मावरून जे फॉरवर्ड येतात, ते इथे येण्याआधी पुसून टाका आणि इथे असेपर्यंत त्या ग्रुपमधून बाहेर पडा. तुम्ही ते लिहीत नाही, नुसतं पुढे पाठवता, हे मला माहीत आहे. इथल्या २००७ च्या सायबर कायद्यात सार्वजनिक व्यवस्थेला किंवा धार्मिक मूल्यांना बाधक मजकूर पाठवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंड आहे. पण मी फक्त कायद्यासाठी सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात मला उलट्या थांबत नव्हत्या, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली सुदानी बाई रोज पेज करून आणत होती. तिच्या घरात बसून तुम्ही चहा पिणार आहात. त्या फोनमधलं काही तिच्याबद्दल खरं नाही, आणि ते खिशात ठेवून तुम्ही तिच्या दारात जावं हे मला सहन होणार नाही.

कपड्यांचं सोपं आहे. परदेशी बायकांना अबायाची, म्हणजे वरून घालायच्या पायघोळ झग्याची, सक्ती नाही, अंगभर कपडे हवेत. आई, साडी नेसलीस तरी चालेल, पण ब्लाउज लांब बाह्यांचे, कंबर झाकणारे शिवून घे आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घे. बाहेर पडताना पंजाबी ड्रेसच बरा. इस्पितळात ये-जा करायला एखादा अबाया घेऊ, वरून घातला की काम झालं. कुंकू, मंगळसूत्र काढायची गरज नाही. बाबांनी अर्धी पँट आणि लुंगी घरातच वापरावी. रात्री इथे थंडी असते, स्वेटर घ्या.

बाळकृष्ण मात्र देव्हाऱ्यातच राहू दे. इथे मंदिर नाही, उघड पूजेला परवानगी नाही. घरात, दार लावून, आवाज न करता आपण बारसं करू, त्याला कोणी आड येत नाही. पण मूर्ती बॅगेत नको, ती कोणी हातात घेऊन उलटसुलट पाहिलेली तुला बघवणार नाही.

तुम्ही असतानाच रमजान लागेल. आपल्याला रोजा नाही, तरी दिवसा बाहेर पाणीसुद्धा प्यायचं नाही, गाडीतही नाही. बाबांनी गोळी घरून घेऊन निघावं. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली की शहर जागं होतं आणि मध्यरात्र उलटून गेली तरी माणसं रस्त्यावर असतात. समोरच्या बिऱ्हाडातून खजूर येतील, सांबुसे येतील. ताट रिकामं परत करायचं नाही हे तुला सांगायला नको. पुरणपोळी पाठवू. एरवी बाहेर फोटो काढताना बायका, पोलीस, सरकारी इमारती टाळा. अनोळखी बाईने हात पुढे केला नाही तर बाबांनी करू नये, छातीवर हात ठेवून सलाम केला की पुरे. जमलं तर दिरियाला नेईन. मातीच्या विटांचं जुनं राजधानीचं गाव आहे, २०१० पासून जागतिक वारशात, बाबांना तिथून हलावंसं वाटणार नाही. मक्केत आपल्याला प्रवेश नाही, तेव्हा तो विषय कुणापाशी काढू नका.

विमानतळावर बोटांचे ठसे घेतात. आईची बोटं कामाने गुळगुळीत झालीत, एका फटक्यात ठसा येणार नाही. घाबरू नकोस, ते पुन्हा घेतात. व्हिसाची छापील प्रत, आमचा पत्ता आणि दोघांचे फोन नंबर कागदावर लिहून दोघांच्याही जवळ ठेवा. घड्याळ अडीच तास मागे करा. व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली तर ते अबशेर या सरकारी ॲपवर आम्ही बघू.

या शनिवारीच डॉक्टरांकडे जाऊन या आणि चिठ्ठीचा फोटो त्याच संध्याकाळी पाठवा. परवानगी हातात आल्याशिवाय ती गोळी बॅगेत घालायची नाही, आणि वेळ थोडाच उरलाय.

तुमची,
लेक