कूलरवाल्या भाऊंना आभारपत्र

नागपूर

भाऊ, नमस्कार.

मार्च उजाडला की तुमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ताट्या (कूलरचे गवताचे पॅड), पंप, पत्र्याच्या बॉड्या, आणि दाराशी ताटकळलेली गिऱ्हाइकं. अशा धामधुमीत कुणी संगणकाचं रिकामं कॅबिनेट घेऊन पंख्यांसाठी त्याचा पत्रा कापून मागायला आलं, तर "हे आपलं काम नाही" म्हणायची तुम्हाला पूर्ण मुभा होती. तुम्ही ते उलटंपालटं करून पाहिलं, पुढच्या बंद प्लॅस्टिकवर तळहात टेकवला आणि विचारलं, "पंखा तं मोठा आहे, पण हवा येऊन कुठून राहिली?"

आम्ही संगणक जोडणारी मंडळी पंख्याची कंपनी, पाती, आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) यांवर तासभर बोलू शकतो. हवेची वाट मोजायचं मात्र राहून जातं. तुम्ही ते पहिल्या मिनिटात केलंत, म्हणून हे आभारपत्र उघड लिहितो आहोत. असंच काम कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावीत म्हणून मापंही इथेच देतो.

आधी तुमच्या प्रश्नाचा हिशेब. १२० मिमीच्या पंख्यात पाती फिरतात ती जागा साधारण ११४ मिमी व्यासाची. मधला गाभा ४० मिमीचा धरून वजा केला, तर एका पंख्याचं उघडं तोंड सुमारे ९० चौरस सेंटिमीटर, दोघांचं १८०. आणि त्या कॅबिनेटच्या पुढच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी ५ मिमी रुंद, ३०० मिमी उंच अशा फटी, म्हणजे एकूण ३० चौरस सेंटिमीटर. एकशे ऐंशीच्या तोंडाला तीसची वाट. मग पंखा कितीही महागाचा लावा, तो शिट्टीच घालणार. पुढे अख्खी काच असलेली कॅबिनेटं हल्ली फार खपतात. दारंखिडक्या लावून कूलर चालवल्यावर खोलीत नुसता दमटपणा का साचतो, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. तेच कॅबिनेटच्या बाबतीत सांगितलं की लोकांना पटत नाही.

हवा किती लागते, त्याचं गणित सोपं आहे. वॅटला १.७६ ने गुणायचं आणि आत जितके अंश वाढ चालेल तितक्याने भागायचं. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून ३०० वॅटची उष्णता, आणि बाहेरच्यापेक्षा आत १० अंश जास्त चालतील असं धरलं तर ५३ सीएफएम. मे महिन्यातली तापलेली हवा विरळ असते, म्हणून इथे ६० धरावे. डब्यावर छापलेला आकडा पंख्यापुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. जाळी आणि फिल्टर लागल्यावर निम्माच हाती येईल असं समजून चाललेलं बरं. आणि पंखा काही एसी नव्हे. खोलीत ४० अंश असतील तर आत ४० च्या खाली काहीच जाणार नाही.

आता कापणं. यात तुमचा हात होता म्हणून निभावलं. कॅबिनेटचा पत्रा ०.६ मिमी, तुमच्या भाषेत साधारण २४ गेज. एवढ्या पातळ पत्र्यात ११४ मिमीचा होल सॉ (गोल भोक कापणारी दातेरी वाटी) हातड्रिलने जोरात फिरवला तर भोक पूर्ण होता होता एखादा दात अडकतो, पत्रा मुरगळतो आणि मनगटही. तुम्ही मागे प्लायचा तुकडा शिकंज्याने आवळलात, पंच मारून मध्य पक्का केलात, तेलाचे दोन थेंब टाकलेत आणि ड्रिल अगदी हळू, मिनिटाला शंभरेक फेऱ्यांवर ठेवलंत. ग्राइंडर समोर पडला होता, पण तुम्ही त्याला हात लावला नाही. त्याने काम झटपट होतं खरं, पण कडेचा रंग आणि जस्ताचा थर जळतो, आणि कूलरच्या दमट हवेत त्याच कडेवरून गंज चढत जातो. होल सॉ नसेल तर जिगसॉ (खाली-वर चालणारी विजेची बारीक करवत) चालतो, मात्र ब्लेड इंचाला २४ दातांचं हवं आणि रंगावर मास्किंग टेप चिकटवलेली हवी.

स्क्रूच्या भोकांची मापं सांगून ठेवतो, कारण इथे दोन मिलिमीटरची चूकही नडते. १२० मिमीच्या पंख्याला दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १०५ मिमी, १४० मिमीच्या पंख्याला १२४.५ मिमी. भोक ४.५ मिमीचं पाडावं, म्हणजे साधा स्क्रूही बसतो आणि रबराची खुंटीही.

दोन पंखे एकाखाली एक चिकटवून बसवायचा आमचा बेत होता. तसं केलं असतं तर दोन गोल भोकांच्या मध्ये पत्र्याची जेमतेम ६ मिमीची पट्टी उरली असती. तुम्ही तिथे बोट ठेवून म्हणालात, "हे वाजन." वाजलंच असतं. तुमच्या सांगण्यावरून दोन मध्यांमधलं अंतर १४० मिमी केलं. मधली पट्टी २६ मिमीची झाली, आणि पंख्यांच्या चौकटींमध्ये २० मिमीची फट राहिली. त्या फटीत तुम्ही १२ मिमीचा अँगल आडवा ठोकलात, दोन्ही टोकांना ३.२ मिमीचे रिबीट. आता पुढचा पत्रा बोटाने वाजवला तर डबड्यासारखा वाजत नाही, ठक्क असा आवाज येतो. बॉडीच्या कडा दुमडून पत्रा ताठ करायची तुमची रोजची सवय इथे फुकटात कामी आली. डॅम्पिंग शीटवर (पत्र्याचा आवाज दाबणाऱ्या चिकट शीटवर) पैसे घालणाऱ्यांनी आधी असा एक अँगल मारून बघावा. शीट लावायचीच असेल तर ब्यूटिल रबराची घ्यावी, बाजूच्या पत्र्याच्या मधोमध, पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी पुरते. डांबराची शीट आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडते आणि वास मारते.

हार्ड डिस्कचा जुना पिंजरा काढायला रिबिटाच्या डोक्यावर ४ मिमीचं ड्रिल लावलंत आणि डोकं उडताच थांबलात. आणखी आत गेलं की भोक मोठं होतं आणि तिथे नवा रिबीट धरत नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी डोक्यात पक्की ठेवावी. पत्रा कापण्याआधी मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, वायरी, सगळं बाहेर काढायचं. "थोडंसंच कापायचं आहे, वर प्लॅस्टिक टाकू" म्हणणाऱ्याचा बोर्ड लोखंडाच्या एका केसाएवढ्या किसाने जातो. कापून झाल्यावर अर्धगोल कानस कडेवरून फिरवायची, कॅबिनेट नळाखाली धुवायचं, उन्हात वाळवायचं, कोपऱ्यांतून लोहचुंबक फिरवायचं. मग कापलेल्या कडेला प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात, आणि शेवटी रबराची यू-पट्टी. पॉवर सप्लाय मात्र कुणी खोलू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढा विजेचा दाब राहतो.

पुढच्या जाळीबद्दल तुम्ही हट्ट धरलात, तो बरोबर होता. आम्ही आणलेल्या जाळीला ३ मिमीची भोकं, ५ मिमी अंतरावर. दिसायला देखणी होती, पण तिरप्या मांडणीतही तिचा उघडा भाग फक्त ३३ टक्के. तुमच्याकडच्या तुकड्याला ५ मिमीची भोकं, ६ मिमी अंतरावर. म्हणजे ६३ टक्के. दिसण्यात उन्नीस-बीस, हवेत जवळपास दुप्पट. ती पंख्याला चिकटवून न लावता १० मिमी पुढे लावली. पाती हवा ओढतात त्या बाजूला जाळी खेटून असली की प्रत्येक पातं तिच्यावरून जाताना हवेला फटका देतं. सात पात्यांचा पंखा १२०० आरपीएमवर सेकंदाला असे १४० फटके देतो, आणि आपल्याला घूं ऐकू येतं. पंख्यात दोष नसतो, पण बदलला जातो पंखाच. हवा बाहेर टाकणाऱ्या बाजूला हा त्रास बराच कमी असतो.

मग उदबत्ती. पुढे दोन पंखे सुरू होते, मागे एक, वर एक. तुम्ही उदबत्ती पेटवून पुढच्या पंख्याच्या कडेशी धरलीत. धूर सरळ आत जायला हवा होता. तो आत गेला, पिंजऱ्याच्या रिकाम्या भोकांतून वळसा घालून पुन्हा पंख्यासमोर आला आणि परत आत ओढला गेला. म्हणजे पंखा आतलीच गरम हवा फिरवत होता. बॉडीला फट राहिली की कूलर ताटीतून न ओढता फटीतून कोरडी हवा ओढतो, तोच हा रोग. पंख्याच्या चौकटीभोवती १० मिमी रुंदीची फोमची पट्टी, रिकाम्या भोकांवर पत्र्याचे तुकडे, मागच्या उघड्या स्लॉटवर झाकणं, एवढ्यावर धूर सुतासारखा सरळ झाला. वरच्या बाजूला पुढे बसवलेल्या पंख्याचंही तिथेच कळलं. तो पुढून आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच वर उडवून देत होता. तो काढून भोक बुजवलं. एक पंखा कमी करून काम सुधारलं, हे कुणाला सांगितलं तर आधी हसतात.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही, ते कबूल करतो. स्वयंपाकघरासारखा मागे एक दणकट एक्झॉस्ट लावा, पुढचं आपोआप ओढलं जाईल, असं तुमचं म्हणणं होतं. हवा ओढली जाईल, पण प्रत्येक फटीतून, आणि तिच्यासोबत धूळ. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटींतून हवा बाहेर पडत राहते आणि धूळ फक्त पुढच्या नायलॉनच्या फिल्टरवर थांबते. उन्हाळ्यात तो दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. न धुतलेला फिल्टर म्हणजे पुन्हा बंद झाकणच.

आवाजाचं गणित तुम्हाला आवडलं होतं, म्हणून नीट लिहितो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकाचे तीन सारखे पंखे केले तर आवाज जवळपास ५ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी तीन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर मोकळ्या वाटेत हवा दीडपट आणि आवाज १० डेसिबल कमी. मात्र वेग निम्मा झाला की पंख्याचा दाब चौथाईवर येतो. वाट अडलेली असेल तर मंद पंखा ढकलूच शकत नाही. तुमचा पहिला प्रश्न इथेही आडवा येतो.

वायरिंगचं थोडक्यात. मदरबोर्डवरचं पंख्याचं कनेक्शन बहुधा १ अँपिअरपर्यंतच असतं. पंख्याच्या मागचा आकडा वाचून बेरीज करावी, ०.२ अँपिअरचे तीन पंखे एका स्प्लिटरवर (एका कनेक्शनला अनेक पंखे जोडणाऱ्या वायरवर) खुशाल चालतात. स्प्लिटरमधून वेगाचा सिग्नल एकाच पंख्याचा जायला हवा, नाहीतर बोर्ड भलतेच आकडे दाखवतो. बुशचा (साध्या बेअरिंगचा) पंखा उन्हाळ्यात वंगण वाळून करकरायला लागतो, तुमच्या मोटरींचं होतं तसंच. दोन पैसे जास्त गेले तरी फ्लुइड बेअरिंगचा घ्यावा.

बायोसमधली (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधली) पंख्याची चढण, म्हणजे किती तापमानाला किती वेग, डिसेंबरात लावली तर मेमध्ये पंखे दिवसभर बोंबलतात, कारण रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचं तापमानच वीस-पंचवीस अंशांनी वर सरकलेलं असतं. म्हणून दोन प्रोफाइल ठेवले आहेत. हिवाळ्यात ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, उन्हाळ्यात तोच वेग ६५ अंशांपर्यंत, आणि दोन्हींत ८५ ला पूर्ण. वेग बदलायला पाच-सात सेकंदांचा उशीर दिला आहे, नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखा हुंकार देतो.

आणि तुम्ही जाताजाता बजावलेलं सगळ्यांसाठी लिहून ठेवतो: कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवायचं नाही. बोअरच्या पाण्याचा तुषार उडतो, पाणी वाळतं आणि क्षार बोर्डावर राहतात. ताट्यांवर चढतो तोच पांढरा थर. खोली कूलरने गार करावी, खिडकी उघडी ठेवावी, कॅबिनेट झोताच्या बाजूला.

नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधी आणखी एक कॅबिनेट आणायचं आहे, त्याला पुढे १४० मिमीचे दोन पंखे. मार्किंग घरूनच करून आणतो, पंच तुम्ही मारा. तुमची अर्धगोल कानस आमच्या पिशवीत आली आहे, तीही तेव्हाच देतो.

तुमचे आभारी,
कॅबिनेटवाली मंडळी