गुन्हा दोघांचा, पण हमी ज्याची त्याची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लालबागच्या आमच्या गल्लीतली दोन पोरं तांब्याच्या वायरीच्या चोरीत सापडली. पहिलाच गुन्हा. न्यायालयाने १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली दोघांना तुरुंगात न पाठवता दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडलं. दोघांनाही जामीन मीच राहिलो.

वर्षभरात दोघांनीही अट मोडली. एक पुन्हा त्याच भंगाराच्या अड्ड्यावर दिसू लागला, बाँडवर सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांनी दोनदा बोलावूनही गेला नाही. दुसरा पहाटे तीनपासून दादरच्या फूलबाजारात हमाली करत होता. त्याची चाळ पुनर्विकासाला गेली, घरचे प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात गेले आणि बोलावण्याचं पत्र आलं ते पत्रे ठोकलेल्या जुन्या जागेवर. नवा पत्ता कळवला नाही ही त्याची चूकच, मी ती झाकत नाही. पण सुनावणीत दोघं शेजारी उभे राहिले आणि दोघांनाही मूळ गुन्ह्यासाठी तीन-तीन महिने कैद झाली. कारण काय, तर सहआरोपींना समान न्याय.

हे मला पटत नाही. चोरीच्या रात्री दोघं बरोबर होते, तिथे शिक्षा सारखी असावी. बाँडनंतरचे दिवस मात्र ज्याचे त्याने काढले. अट मोडल्यावर तेच तपासायचं असतं. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे पहिल्याच वेळी अट मोडली असेल तर बाँड चालू ठेवून दंड करता येतो. तो जास्तीत जास्त ५० रुपये! नाहीतर सरळ मूळ गुन्ह्याची शिक्षा. १९५८ साली ५० रुपयांना वजन होतं. आज एवढा दंड म्हणजे काहीच केलं नाही असं न्यायाधीशांना वाटत असेल, तर त्यांच्या हातात उरतो फक्त तुरुंग. ही रक्कम वाढवा आणि प्रत्येकाचा वेगळा अहवाल, वेगळी कारणं निकालपत्रात येऊ द्या.

आणखी एक. देखरेखीच्या आदेशाची प्रत जामीनदारालाही द्यावी, असं याच कायद्याचं कलम ४ सांगतं. मला ती मिळाली नाही. पत्ता बदलला की कळवायचं असतं, हे मला सुनावणीच्या दिवशी समजलं. ते आधी ठाऊक असतं तर ज्या दिवशी त्यांचं सामान टेम्पोत चढलं, त्याच दिवशी मी पोराला हाताला धरून अधिकाऱ्यांकडे नेलं असतं.

आपला,
एक जामीनदार, लालबाग, मुंबई