याला 'रेस' म्हणू नका, आणि खरी रेस नीट छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं कराडजवळ हायवेला टायरचं दुकान आहे, पंक्चर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं करतो, एकवीस वर्षं झाली. तुमचा पेपर सकाळी दुकानात येतो, माझ्याआधी गिऱ्हाईकंच वाचतात. मागच्या आठवड्यात आतल्या पानावर बातमी होती की रात्री बायपासला दोन गाड्यांची 'रेस' लागली, एक डिव्हायडरवर चढली आणि गाडीतलं पोरगं आयसीयूत आहे. हेडिंगमध्ये मोठ्या अक्षरात 'रेस'. त्याच अंकात खेळाच्या पानावर फॉर्म्युला वनचा निकाल चार ओळींत, पहिला कोण, दुसरा कोण, संपलं. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

बायपासला झालं ती रेस नाही साहेब. कोण जिंकलं, किती लॅप म्हणजे फेऱ्या, टायर कुठले, पुढे काय करायचं, यातलं काहीच तिथं नव्हतं, नुसता पाय दाबून धरायचा आणि समोरून ट्रॅक्टर येऊ नये म्हणून देवाला सांगायचं. त्याला आपण रेस म्हणायला लागलो की पोरांना वाटतं आपण काहीतरी खेळतोय. रस्त्यावरची रेस खरंच असते, भर शहरातल्या रस्त्यावर असते, आणि ती कशी असते हे तुमच्या वाचकांना एकदा नीट कळावं म्हणून मी एकच रेस सांगतो, फॉर्म्युला वनची सिंगापूर २०२३.

१७ सप्टेंबर, रविवार होता. मंगळवारी गणपती बसणार म्हणून घरात मखराचं काम चालू, पुठ्ठे, फेविकॉल, लाइटच्या माळा सगळीकडे, आणि आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला रेस चालू झाली. तिथं रात्र. ज्या रस्त्यांवर एरवी बस आणि टॅक्सी फिरतात तेच रस्ते बंद करून दोन्ही बाजूला भिंती लावतात. एक लॅप ४.९४ किलोमीटर, असे ६२ लॅप. भिंत इतकी जवळ की चाक वीतभर बाहेर गेलं तरी खेळ खलास. त्या वर्षी तोपर्यंतच्या चौदाच्या चौदा रेस रेड बुल टीमने जिंकलेल्या, त्यातल्या शेवटच्या सलग दहा त्यांच्या एकट्या व्हर्स्टॅपनने. पण सिंगापूरला त्यांची गाडी बसलीच नाही, तो अकराव्या नंबरवरून सुटला. पुढे फेरारीचा साइन्झ, मग मर्सिडीजचा रसेल, मग फेरारीचाच लेक्लेर, मग मॅक्लारेनचा नॉरिस आणि त्याच्या मागे हॅमिल्टन.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कोरड्या रस्त्याचे टायर तीन प्रकारचे असतात, सॉफ्ट, मीडियम, हार्ड. सॉफ्टला पकड जास्त पण लवकर झिजतो, हार्ड टिकतो पण सुरुवातीला पकड कमी. फेरारीने लेक्लेरला सॉफ्ट घालून सोडला, का, तर सुटतानाच त्याने रसेलच्या पुढे जावं आणि साइन्झच्या पाठीशी ढाल बनून राहावं. तसंच झालं. आणि साइन्झने काय केलं, पुढे असून पळालाच नाही. मुद्दाम हळू चालवून सगळ्यांना मागे गोळा करून ठेवलं, टायर जपले, आणि मागच्या कुणालाच पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागेत, जाऊन मोकळ्या जागेत परत यायला फट ठेवली नाही. ज्याला वाटतं पुढचा म्हणजे सगळ्यात जोरात चालवणारा, त्याने ते पहिले वीस लॅप बघावेत.

विसाव्या लॅपला सार्जंटच्या गाडीचं नाक भिंतीला लागून तुटलं, सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आली आणि पुढच्या सगळ्यांनी टायर बदलून हार्ड घातले. लेक्लेरला साइन्झच्या मागे पिटमध्ये थांबावं लागलं म्हणून त्याचे नंबर गेले, ढाल गेली. मग चव्वेचाळीसच्या आसपास ओकॉनची गाडी बंद पडली, सगळ्यांना वेग कमी करावा लागला, आणि अशा वेळी पिटमध्ये गेलं तर नुकसान कमी होतं. मर्सिडीजने दोघांसाठी मीडियमचा एकेक नवा सेट शिल्लक ठेवलेला होता, त्यांनी रसेल आणि हॅमिल्टन दोघांनाही आत घेतलं. साइन्झ आणि नॉरिस जुन्या हार्डवरच राहिले. अठराएक लॅप बाकी, आणि मागून रसेल आणि हॅमिल्टन लॅपला सेकंदापेक्षा जास्त अंतर कापत यायला लागले. लेक्लेरला दोघांनी पास केलं. आमच्याकडे माळ लावायची थांबली, सगळे टीव्हीपुढे.

इथं साइन्झने जे केलं ते मी आजपर्यंत दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नाही. तेव्हाचा नियम असा की पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर तुमच्या मागच्या पंखाची पट्टी उघडते, हवा कमी अडते आणि सरळ रस्त्यात वेग वाढतो, त्याला डीआरएस म्हणतात. साइन्झला कळलं की रसेल नॉरिसला पास करून आला तर पुढचा नंबर आपला. मग त्याने काय केलं, स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यालाच, नॉरिसला, सोडून न जाता एका सेकंदाच्या आत धरून ठेवलं, म्हणजे नॉरिसला डीआरएस मिळत राहील आणि त्याच्या जोरावर तो मागच्या रसेलला अडवू शकेल. पहिला नंबर ज्याच्याशी लढायचा त्यालाच मदत, आणि तीही इतकी मोजून की ०.८ सेकंद चालेल, १.१ झालं तर उपयोग नाही, आणि ०.३ झालं तर तोच तुम्हाला पास करेल. जुने टायर, दोन्ही बाजूला भिंत, दीड तास उलटून गेलेला, त्या दमटपणात अंगातलं पाणी संपलेलं, आणि डोक्यात हे गणित. हे दोघं मॅक्लारेनमध्ये २०१९ आणि २०२० ला एकाच टीममध्ये होते, एकमेकांना चांगलं ओळखतात, नॉरिसलाही कळलं हा काय करतोय आणि त्याने साथ दिली, कारण त्यात त्याचाही दुसरा नंबर वाचत होता.

शेवटच्या लॅपला नॉरिसची गाडी एका वळणावर भिंतीला घासली, मागून रसेल त्याच जागी जरा जास्त लागला आणि सरळ बॅरियरमध्ये गेला. साइन्झ पहिला, नॉरिस ०.८१२ सेकंदाने दुसरा, हॅमिल्टन तिसरा. त्या वर्षीच्या बावीस रेसमध्ये रेड बुलने न जिंकलेली ही एकच.

आता सांगा, 'साइन्झ विजयी' एवढ्या दोन शब्दांत यातलं काय आलं? आपल्या भागात बैलगाडी शर्यतीची बातमी येते तेव्हा कुठल्या गावची जोडी, गाडीवान कोण, गट कसा पास केला, फायनलला काय झालं, सगळं येतं आणि लोक चवीने वाचतात. आपल्या वाचकाला शर्यत समजते हो, त्याला समजत नाही असं धरून चालू नका.

आणि ज्या पोरांसाठी लिहितोय त्यातलाच एक मागे दुकानात आला होता. एकोणीस-वीस वर्षांचा, गाडी सेकंडहँड, म्हणाला काका व्हील थरथरतंय, बॅलन्सिंग करा. चाक खोललं तर आतल्या बाजूच्या साईडवॉलला लिंबाएवढा फुगा, म्हणजे आतले दोरे तुटलेले, टायर गोटा झालेला, तारखेवरून आठ वर्षं जुना. विचारलं किती मारतोस, म्हणाला रात्री रिकामा रस्ता असला की एकशे साठ. टायरवर टी लिहिलेलं, म्हणजे १९० ची मर्यादा, हे त्याला माहीत होतं आणि तेवढ्यावर त्याचा भरवसा. ती मर्यादा चांगल्या, बरोबर हवा भरलेल्या टायरची असते, फुगा आलेल्याची नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी टायर परत चढवला नाही. तो बसलाच होता तर मोबाईलवर ही शेवटची पाच लॅप दाखवली. शांत बघितली त्याने आणि विचारलं, काका, पुढचा हळू का चालवतोय? त्या एका प्रश्नावर आम्ही अर्धा तास बोललो, चहा गार झाला. ओरडून जे झालं नसतं ते त्या अर्ध्या तासात झालं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. त्याच सिंगापूरला शनिवारी क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुटायचे नंबर ठरवतात त्यात, स्ट्रोल नावाच्या ड्रायव्हरची गाडी जोरात भिंतीवर गेली. तो स्वतःच्या पायाने बाहेर आला, कारण तिथं बॅरियर होते, मार्शल होते, डॉक्टर होते. आणि तरी रविवारी तो रेसला उतरला नाही. आपल्या बायपासला रात्री एक वाजता यातलं काय आहे?

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. बायपासच्या बातमीत 'रेस', 'थरार' असले शब्द घालू नका, पोलिसांच्या कागदात 'हयगयीने व अविचाराने' असं असतं, तेच छापा, गाडीचा वेग कळला तर तो छापा आणि टायरची अवस्थासुद्धा छापा. आणि मोनॅको, सिंगापूर, बाकू अशा शहरातल्या रेस असतील त्या सोमवारी खेळाच्या पानावर अर्धा कॉलम द्या, कुणी कितव्या लॅपला टायर बदलले, कुणी कुणाला का अडवलं, एवढं तरी येऊ दे. हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ईची, म्हणजे बॅटरीवरच्या गाड्यांची रेस झाली, त्यात व्हेर्नने शेवटी बॅटरी पुरवून पुरवून मागच्या कॅसिडीला अडवलं आणि जिंकला, इतक्या जवळ झालेली रेस आणि आमच्याकडे वाचायला काही मिळालं नाही.

लिहायला माणूस नसेल तर मी रविवारी रात्री लिहून पाठवेन, पैसे नकोत. सोमवारचा पेपर आला की ते पान दुकानात काउंटरच्या मागे चिकटवणार आहे, पोरं हवा भरायला थांबतात तेव्हा वाचतील.

आपला,
एक टायरवाला, कराड