जमदग्नी

गुहागर,
वैशाखातली दुपार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. शेवटी तू सहज विचारलंयस, "नाना अजून जमदग्नीच का रे?" आपल्या लहानपणापासून सगळी वाडी त्यांना याच नावाने ओळखते. आमच्या आगरात चेंडू गेला की तू गडग्याबाहेर थांबायचास आणि मला आत पाठवायचास. पण या वेळी तो शब्द मला लागला. चार दिवस त्याच्याच मागे आहे.

तापट, तिरसट, शीघ्रकोपी ही नुसती विशेषणं. जमदग्नी हा मात्र जिताजागता माणूस, आणि तोही आपल्या शेजारचा! चिपळूणजवळच्या परशुरामाचा बाप. तिथे देवळामागे रेणुकेचं देऊळ आहे बघ. नवऱ्याच्या रागापायी ती पोटच्या पोराच्या हातून मारली गेली. चौघा भावांनी नकार दिला, परशुरामाने ऐकलं, आणि बापाने वर माग म्हटल्यावर आईला जिवंत करून मागितलं. एवढ्या एका गोष्टीने जमदग्नीच्या कपाळी राग कायमचा चिकटला. नावातही अग्नी आहेच. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या त्याच्या जुन्या ग्रंथात, 'प्रज्वलिताग्नयः' असा अर्थ दिलाय, ज्यांचे अग्नी धगधगताहेत असे. ऋषींचे अग्नी म्हणजे होमाचे. आपण ते पार डोक्यात नेऊन ठेवले.

महाभारतातच त्याची आणखी एक गोष्ट आहे, अनुशासनपर्वात. जमदग्नी बाण सोडतोय आणि रेणुका धावत जाऊन ते आणून देतेय. ज्येष्ठातलं टळटळीत ऊन. तिचं डोकं तापलं, पाय पोळले, घटकाभर झाडाखाली थांबली म्हणून उशीर झाला. कारण कळल्यावर हा पठ्ठ्या थेट सूर्यावरच बाण रोखतो! सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला, शरण गेला आणि त्याने छत्री नि वहाणा दिल्या. हा राग कुणासाठी होता, सांग.

हे वाचलं आणि मला परवाची दुपार आठवली. खळ्यात आमसुलं वाळत घातलेली. आई त्यांना रसाचं पुट द्यायला गेली, अनवाणी. तापलेल्या जांभ्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. नाना पडवीतून असे कडाडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या. "पायांची सालटी काढून घ्यायचीत काय?" आई गप्प. मलाही आईचीच कणव आली, नानांचा राग आला. संध्याकाळी नाना बाजारात जाऊन आले. सकाळी पडवीच्या पायरीशी नव्या रबरी चपला होत्या, आईच्या मापाच्या. कोणी काही बोललं नाही.

आणि आश्वमेधिक पर्वात तर खुद्द क्रोधच त्याची परीक्षा घ्यायला येतो, श्राद्धाचं दूध नासवतो. जमदग्नी रागावत नाही! हे आपल्या बोलीत कुठेच उतरलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नाना परवा विचारत होते, "बंड्या पाऊस लागायच्या आधी येतोय ना? त्याच्यासाठी आढीतले पन्नास आंबे बाजूला काढलेत." गाडी कधीची ते कळव. चिपळूणला मी घ्यायला येईन, आणि थोडी वाट वाकडी करून परशुरामाला जाऊ. मला रेणुकेच्या देवळात जायचंय.

तुझा,
नंदू