आधी टोपल्या मोजा, मग वाफे आखा

संपादक महोदय,

सेंद्रिय शेतीवरचे लेख बहुधा खतापाशी सुरू होतात आणि खतापाशीच संपतात. आसपासच्या वीस-पंचवीस घरांना दर आठवड्याला भाजी पुरवणारे छोटे शेत मात्र खतावाचून क्वचितच बुडते. ते बुडते पेरणीचे गणित चुकल्यामुळे. एका आठवड्याला पालक कोणी घेईना इतका, आणि पुढचे तीन आठवडे एक पानही नाही, असे दोनदा झाले की घरे गळू लागतात.

हे गणित टोपलीकडून वाफ्याकडे करायचे असते. २५ घरे, प्रत्येकी अर्धा किलो पालक, म्हणजे आठवड्याला साडेबारा किलो. किडका, पिवळा, पावसाने झोडपलेला माल वजा होणार हे धरून पेरा १६ किलोचा करावा. एका कापणीला चौरस मीटरमागे साधारण एक किलो पाला धरला, तर आठवड्याला १६ चौरस मीटर कापायला हवे. वाफा किमान दोनदा कापता येतो, म्हणून दर १५ दिवसांनी १६ चौरस मीटर पेरले की भागते. पहिला पेरा मात्र दुप्पट हवा, कारण तेव्हा दुसऱ्या कापणीचा वाफा हाताशी नसतो. नेमके हेच विसरले जाते आणि हंगामाची सुरुवातच तुटीत होते. लहान जातीचा मुळा २५-३० दिवसांत तयार होतो, पण आठवडाभरच चांगला राहतो, मग पोकळ पडतो. तो दर आठवड्याला थोडा थोडा पेरावा. फरसबीची तोडणी दोन-तीन आठवडे चालते, तिला तीन आठवड्यांचे अंतर पुरते.

ही अंतरेही वर्षभर सारखी ठेवून चालत नाही. दिवस लहान होऊन थंडी वाढत असते तेव्हा चार दिवस उशिरा पेरलेले पीक आठवडाभर किंवा त्याहून अधिक मागे पडते. त्या काळात पेरण्या जवळजवळ घ्याव्यात. ऊब वाढू लागली की उलट होते. मागची पेरणी पुढचीला गाठते आणि दोन्ही एकदमच कापणीला येतात.

मजुरीचा मोठा भाग तणात जातो. वाफा तयार करून लगेच पेरू नये. पाणी देऊन ८-१० दिवस तण उगवू द्यावे, ते दोन पानांवर असताना कोरड्या, उन्हाच्या दिवशी वरवर खरवडावे आणि मग पेरावे. खरवडताना दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. खोल गेलात की खालचे बी वर येते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

खताचे थोडक्यात. आकारमानाने एक भाग हिरवा पाला किंवा शेण, दोन भाग सुका काडीकचरा. ढीग लांबी, रुंदी, उंचीला किमान एक मीटर हवा, त्याहून लहान ढिगात ऊब धरत नाही. आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअस हवे. लोखंडी सळई दहा मिनिटे आत खुपसून ठेवावी, बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग चालू आहे. अमोनियाचा वास आला तर सुके वाढवावे, सडका वास आला तर ढीग उलथून हवा खेळती करावी. अर्धकच्चे खत घातले तर ते कुजताना मातीतलाच नत्र ओढते आणि पीक पिवळे पडते. कच्च्या शेणाबाबत अमेरिकेची सेंद्रिय नियमावली काढणीच्या १२० दिवस आधीची मर्यादा घालते (खाण्याचा भाग मातीला टेकत नसेल तर ९० दिवस). ती कुठेही पाळण्यासारखी आहे.

काढणीनंतर एका दिवसात महिन्याची मेहनत वाया जाऊ शकते. पालेभाजी ऊन चढण्याआधी कापावी, लगेच सावलीत न्यावी, पिण्यायोग्य थंड पाण्यात बुडवून तिची ऊब काढावी आणि पाणी पुरते निथळू द्यावे. ओली पाने बंद पिशवीत दुसऱ्या दिवशीच चिकट होतात. टोमॅटो पालेभाजीजवळ ठेवू नयेत. पिकताना ते इथिलीन वायू सोडतात, त्याने पाने पिवळी पडतात. शिवाय पालेभाजीला मानवणारी थंडी टोमॅटोला सोसत नाही, १० अंशांखाली त्याची चव आणि पोत बिघडतो.

राहिला पैसा. हंगामाचे पैसे आगाऊ घेऊन पिकाचा वाटा द्यायची पद्धत अमेरिकेतल्या दोन शेतांवर १९८६ मध्ये सुरू झाली. जपानमध्ये ‘तेइकेई’ नावाने तशीच भागीदारी १९७० च्या दशकापासून होती. त्यात ग्राहक नुकसानीतही वाटेकरी असतो. पण कुठल्या वाफ्यावर कीड पडली आणि पुढच्या आठवड्यात काय कमी येणार, हे त्याला आधी कळले तरच तो ते सोसतो. टोपलीसोबत चार ओळींची चिठ्ठी द्यावी. तूट भरायला बाहेरची भाजी घेतली असेल, तर तेही त्याच चिठ्ठीत लिहावे.

आपला विश्वासू,
एक सेंद्रिय भाजी उत्पादक