बोअर चार इंचाचं, पण रस्त्याचं काय?

संपादक महोदय,

मी 31 वर्षं रिगवर, म्हणजे खनिज शोधायला जमिनीत बोअर पाडणाऱ्या यंत्रावर होतो. आधी हेल्पर, मग ड्रिलर. निवृत्त होऊन सावंतवाडी तालुक्यातल्या माझ्या गावी आलो आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या सड्यावर, म्हणजे गावाच्या कातळपठारावर, रिग चढली.

रिगनं पाडलेलं भोक लहान असतं. एचक्यू साइजचं 96 मिलिमीटर, एनक्यूचं 76. चार इंचसुद्धा नाही. 2023 साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि खनिजाचा शोध, सर्वेक्षण वगैरे काम केंद्राच्या अटी पाळून केलं तर ते वनेतर वापर मानायचं नाही असं ठरलं. भोकापुरतं बघितलं तर ते पटतं. पण रिगला वर चढायला रस्ता लागतो, उभी राहायला सपाट जागा लागते, बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचं पाणी बोअरमध्ये फिरवायला खड्डा लागतो. बोअर संपलं की रिग जाते. हे तिन्ही तिथंच राहतं.

आमच्या सड्यावर जांभा आहे तोवर जमीन दगडासारखी. उतारावर जेसीबीनं तो फोडला की खाली शेडी माती लागते, पांढरट गुलाबी, हातात घेतली तर साबणासारखी बुळबुळीत. ती उघडी पडली आणि वर आमचा तीन हजार मिलिमीटरचा पाऊस! मृगाआधी त्या रस्त्यावर टायरच्या दोन चाकोऱ्या होत्या. दसऱ्याला त्यातल्याच एकीत मी उतरलो तर मांडीपर्यंत आत गेलो.

ती माती गेली कुठे? शेजारच्या काकींच्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात. लावणी होऊन आठ दिवस झाले होते. एका रात्रीत व्हाळातून (ओढ्यातून) लाल गाळ आला, सकाळी भाताची नुसती टोकं वर दिसत होती. काकी आणि मी दुपारपर्यंत ओणवं होऊन हातानं रोपांचा एकेक चूड मोकळा करत होतो. त्यातलाही निम्मा पुढे कुजला. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, इथे खाण कुठे आहे? खाण नाहीच. जुलै 2021 मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळण्याला खाणीचा बांध फुटून चिखल घरांत शिरला, तो सगळ्यांनी पाहिला. नुसत्या शोधकामाच्या रस्त्यानं वाहून आणलेला गाळ कोणाच्या हिशेबात येत नाही.

रिग गेल्यावर जागा नीट करून देणं कठीण मुळीच नाही, मला माहीत आहे. रस्त्याला दर दहा-पंधरा पावलांवर तिरका चर मारायचा, म्हणजे पाणी चाकोरीतून न धावता बाजूच्या गवतात शिरतं. चढ जास्त तर चर जवळजवळ. सपाट केलेली जागा रिगच्या वजनानं घट्ट होते, ती उताराला आडवी नांगरायची. काढताना बाजूला ठेवलेली वरची माती परत पसरायची, तीच बहुतेक जण ढिगात गाडतात. तिच्यावर काथ्याची जाळी किंवा पेंढा, आणि समपातळीत वाळ्याच्या ओळी. खड्ड्यातला चिखल व्हाळात सोडायचा नाही, सुकू द्यायचा, आत अंथरलेलं प्लास्टिक काढून खड्डा बुजवायचा आणि वर थोडा उंचवटा ठेवायचा, कारण माती बसते. बोअर तळापासून सिमेंटनं भरत यायचं. आमच्या सड्यावर दोन बोअरांच्या तोंडावर नुसता दगड ठेवलाय. पावसाचं गढूळ पाणी तिथून सरळ भूजलात जातं.

मग होत का नाही? ठेकेदाराला पैसे मीटरमागे मिळतात. किती मीटर खाली गेलो त्याचे. रस्ता बुजवण्याचा दर बिलात मी तरी कधी पाहिला नाही. मीसुद्धा इतक्या साइट सोडल्या आणि पावसाळ्यानंतर एकीवरही परत गेलो नाही. काकींच्या कुणग्यात बसलो तेव्हा त्या सगळ्या डोळ्यांसमोर आल्या.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारला सांगितलं, की खाणपट्टेधारकांना खोदलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घाला. तीच अट शोधकामालाही हवी. माझी मागणी एवढीच : ठेकेदाराच्या प्रत्येक बिलाचा काही भाग राखून ठेवा आणि एक पावसाळा गेल्यावर ग्रामपंचायत व वनरक्षक यांनी जागा पाहून सही केल्यावरच तो द्या.

आमच्या सड्यावरचा रस्ता वनखात्याच्या हद्दीत आहे. चर मारायला मी कुदळ घेऊन तयार आहे, गावातली चार पोरंही येतील. मृगाआधी परवानगी तेवढी मिळावी.

– एक निवृत्त ड्रिलर, ता. सावंतवाडी