शिकाऊ अभियंता आणि पुठ्ठ्याची खोकी

महोदय,

यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मी चाकणमधील एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवार होतो. पहिल्याच आठवड्यात लेथ यंत्रावरच्या काकांनी हातात सूक्ष्म माप घेणारे मायक्रोमीटर देऊन जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, मोजायला सांगितला. मी दाब बेताचा ठेवणारा रॅचेट सोडून थेट थिंबल (फिरवायची नळी) आवळला, दाब जास्त पडला आणि माप कमी आले. परीक्षेत याच उपकरणाची आकृती काढून मी गुण मिळवले होते! ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) कसा सांभाळायचा, कूलंट (थंड ठेवणारा द्रव) कमी पडला की इन्सर्ट (धातू कापणारा तुकडा) कसा खराब होतो, हे त्या काकांनी तीन महिन्यांत शिकवले. चार वर्षांत कॉलेजात ते जमले नव्हते.

पुढे ऑर्डर वाढल्या, माणसे कमी पडली आणि मला पॅकिंगला उभे केले. तिथेच सहा महिने गेले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार आम्ही कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले. त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलते. खोलीभाडे आणि डब्यातच माझे पैसे संपायचे, तेही एक वेळ चालेल. पण सरकार शिकवण्यासाठी पैसे देत असेल, तर खोकी भरण्यात गेलेल्या दिवसांचा हिशेब कोण मागणार? शिकाऊ उमेदवारीवर देखरेख ठेवणाऱ्या प्रशिक्षण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी कागदावरच्या सह्या पाहून न थांबता अधूनमधून न सांगता शॉपफ्लोअरवर यावे आणि उमेदवाराला बाजूला घेऊन विचारावे, आज काय शिकलास?

– एक माजी शिकाऊ अभियंता, पुणे